पेरोव्स्काइटचे सूक्ष्म दिवे आणि काठाची अडचण

सांगलीच्या स्टेशन चौकात सभेच्या किंवा उत्सवाच्या निमित्ताने एलईडी वॉल उभी राहिली की लांबून तिच्यावरचे चित्र अखंड दिसते. पण अगदी पुढे जाऊन उभे राहणाऱ्याला तेच चित्र सुट्या ठिपक्यांत विखुरलेले दिसते. अशा वॉल भाड्याने देणारे लोक त्यांची ओळख ‘पी-४’, ‘पी-१०’ अशी सांगतात. त्यातला आकडा म्हणजे एका ठिपक्याच्या मध्यापासून शेजारच्या ठिपक्याच्या मध्यापर्यंतचे मिलिमीटरमधले अंतर. पी-४ वॉलवर एका इंचात जेमतेम ६ ठिपके बसतात, तर चांगल्या मोबाइलच्या पडद्यावर ४०० ते ५००. चीनमधील झेजियांग विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थापासून घडवलेल्या ज्या एलईडींची माहिती प्रसिद्ध केली, त्यांची सर्वांत दाट मांडणी एका इंचात १,२७,००० ठिपके इतकी होती. त्यांतल्या सर्वांत लहान ठिपक्याची बाजू ९० नॅनोमीटर होती, म्हणजे एका मिलिमीटरचे सुमारे ११,००० भाग केले तर त्यांतला एक भाग. त्या संशोधनात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी की दिवा लहान करत नेला तरी विजेचे प्रकाशात रूपांतर करण्याची त्याची क्षमता फार मोठ्या टप्प्यापर्यंत जवळजवळ जशीच्या तशी राहिली. नेहमीच्या एलईडीत असे होत नाही. ते का होत नाही आणि पेरोव्स्काइटमध्ये कसे साधले, हे या लेखात समजून घेऊ.

आधी एक रास्त शंका. निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनावरचे दोन ठिपके वेगळे ओळखता येतात. हातातला मोबाइल ३० सेंटिमीटरवर धरला तर हा कोन पडद्यावर सुमारे ०.०९ मिलिमीटर भरतो, म्हणजे इंचाला ३०० च्या आसपास ठिपके पुरतात. मग त्याहून दाट पडदा हवा कशाला? मोबाइलसाठी त्याची निकड खरोखरच नाही. निकड आहे ती डोळ्यांवर घालायच्या पडद्यांसाठी. तिथे पडदा डोळ्यापासून काही सेंटिमीटरवर असतो आणि मध्ये भिंग असते. भिंग चित्र मोठे करते, त्याबरोबर ठिपकेही मोठे करते. अ‍ॅपलच्या व्हिजन प्रो या उपकरणात दोन ठिपक्यांतले अंतर ७.५ मायक्रॉन आहे, आणि हिशेब केला तर ते इंचाला सुमारे ३,४०० ठिपके होते. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग आणि एक नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग.) त्याहीपेक्षा अवघड काम साध्या चष्म्यासारख्या दिसणाऱ्या उपकरणांचे आहे. समोरचा रस्ता दिसत असतानाच काचेवर नकाशा किंवा मजकूर दिसावा, अशी त्यांच्याकडून अपेक्षा असते. चष्म्याच्या काडीत मावेल अशा काही मिलिमीटरच्या पट्टीवर सगळे चित्र बसवायचे, आणि भर दुपारच्या उन्हातही ते दिसेल इतके तेजस्वी ठेवायचे. दोन्ही अटी पुऱ्या करायच्या तर अतिशय लहान आणि तरीही प्रखर असा दिवा लागतो.

एलईडीचे मूळ तत्त्व थोडक्यात असे. अर्धवाहक पदार्थात इलेक्ट्रॉनना राहण्यासाठी ऊर्जेचे दोन पट्टे असतात आणि त्या दोहोंमध्ये एक मोकळी फट असते, जिथे इलेक्ट्रॉन राहू शकत नाही. वीज जोडली की एका बाजूने वरच्या पट्ट्यात इलेक्ट्रॉन येतात आणि दुसऱ्या बाजूने खालच्या पट्ट्यात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा येतात. त्या रिकाम्या जागांना होल म्हणतात. इलेक्ट्रॉन फट ओलांडून खाली होलमध्ये पडला की सुटलेली ऊर्जा प्रकाशाचा कण होऊन बाहेर पडते. फट मोठी असेल तर निळा प्रकाश, मध्यम असेल तर हिरवा, लहान असेल तर तांबडा. परंतु इलेक्ट्रॉनला खाली उतरण्याचा आणखी एक मार्ग असतो. स्फटिकात कुठे अणू गळलेला असेल, कुठे बंध तुटलेला असेल, तर त्या जागी फटीच्या मध्यावरच एक ऊर्जापातळी तयार होते. इलेक्ट्रॉन आधी तिच्यावर अडकतो आणि मग तिथून होलला मिळतो. या मार्गाने गेलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा उष्णतेत जाते आणि प्रकाश मिळत नाही. म्हणून उत्तम एलईडी हवा असेल तर अशा सदोष जागा कमीत कमी ठेवाव्या लागतात. आज बाजारात असलेल्या निळ्या आणि हिरव्या एलईडीतला पदार्थ गॅलियम नायट्राइडच्या कुळातला आहे. त्याचे निर्दोष स्फटिक वाढवण्याचे कसब साधायला अनेक दशके लागली, आणि त्यातून झालेल्या निळ्या एलईडीसाठी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे स्फटिक नीलमण्याच्या किंवा सिलिकॉनच्या चकतीवर सुमारे १,००० अंश सेल्सिअस तापमानाला थराथराने वाढवतात आणि मग त्यांचे बारीक तुकडे कोरतात. कोरताना प्रत्येक तुकड्याच्या बाजू उघड्या पडतात. तिथे स्फटिक मध्येच छाटला गेलेला असतो, अणूंचे बंध तुटलेले असतात, आणि कोरण्यासाठी वापरलेल्या भारित वायूच्या माऱ्याने आणखी इजा होते. म्हणजे प्रत्येक दिव्याच्या भोवती सदोष जागांची एक किनार तयार होते. दिवा मोठा असेल तर ती जाणवत नाही. लहान केला की मात्र तीच किनार दिवा खाऊन टाकते.

वाळवा किंवा मिरज तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. समजा, १०० फूट बाजूचा चौकोनी तुकडा आहे आणि बांधाच्या कडेचे २ फूट पीक सावलीने, तणाने, उंदरांनी वाया जाते. तर ९६ फूट बाजूचे चांगले पीक उरते आणि नुकसान जेमतेम आठ टक्के होते. भावाभावांत वाटण्या होत होत तोच तुकडा १० फूट बाजूचा झाला, तर कडेचे २ फूट तेवढेच राहतात; पण आता चांगले पीक ६ फूट बाजूतच उरते आणि ६४ टक्के रान वाया जाते. तुकडा ४ फुटांचा झाला तर सगळाच बांधाकडेचा. जमिनीचा कस बदललेला नाही, पेरणारा तोच आहे, बियाणे तेच आहे; क्षेत्रफळ कमी होताना कडेचा हिस्सा वाढत गेला, एवढेच घडले. गॅलियम नायट्राइडचे दिवे साधारण १० मायक्रॉनच्या खाली गेले की त्यांची कार्यक्षमता घसरते, त्यामागे हेच कारण आहे. तांबड्या एलईडीत जो अ‍ॅल्युमिनियम, गॅलियम, इंडियम आणि फॉस्फरसचा पदार्थ वापरतात, त्याची कड तर याहून अधिक हानी करते, आणि म्हणून अतिसूक्ष्म तांबडा दिवा हे त्या तंत्राचे जुने दुखणे आहे.

याला जोडून कारखान्याची एक अडचण आहे. तीन रंगांचे स्फटिक वेगवेगळ्या चकत्यांवर वाढतात. तेथून लाखो दिवे उचलून पडद्याच्या तळपट्टीवर नेमक्या जागी बसवावे लागतात. फोर-के पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६० म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात आणि प्रत्येकात तीन रंगांचे तीन दिवे, म्हणजे जवळपास २ कोटी ४९ लाख दिवे. दर १०,००० दिव्यांत एकच चुकला तरी पडद्यावर सुमारे २,५०० दिवे सदोष ठरतील. अशा सूक्ष्म दिव्यांचे, म्हणजे मायक्रो-एलईडीचे टीव्ही इतके महाग असण्याचे एक मोठे कारण या उचलण्या-बसवण्यात आहे.

आता पेरोव्स्काइटकडे वळू. १८३९ साली जर्मन खनिजशास्त्रज्ञ गुस्ताव रोझ यांनी उरल पर्वतातून आलेल्या एका नव्या खनिजाचे वर्णन केले आणि रशियाचे लेव्ह पेरोव्स्की यांचे नाव त्याला दिले. ते खनिज होते कॅल्शियम टायटनेट. पुढे त्याच्यासारखी अणुरचना असलेल्या सगळ्याच पदार्थांना हे नाव पडले. या रचनेत मधल्या जागी एक धातूचा अणू असतो, त्याच्याभोवती सहा दिशांना सहा ऋणभारित अणू असतात, अशा आठ पृष्ठभागांच्या आकृत्या टोकांना टोके जोडून सगळीकडे पसरलेल्या असतात, आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांत एक मोठा धनभारित आयन (विद्युतभारित अणू किंवा अणूंचा गट) बसतो. प्रकाश देणाऱ्या पेरोव्स्काइटमध्ये मधला धातू बहुधा शिसे असते, भोवतीचे अणू क्लोरीन, ब्रोमिन किंवा आयोडिनचे असतात, आणि पोकळीत सीझियम किंवा एखादा छोटा सेंद्रिय आयन बसलेला असतो. सीझियम लेड ब्रोमाइड हे त्यातले सर्वांत परिचित उदाहरण. त्याचा प्रकाश शुद्ध हिरवा, ५२० नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबीचा असतो. ब्रोमिनच्या जागी क्लोरीन मिसळत गेले की रंग निळ्याकडे सरकतो, आयोडिन मिसळत गेले की तांबड्याकडे. २०१५ साली झुरिकच्या ईटीएच संस्थेतील माक्सिम कोव्हालेन्को यांच्या गटाने अशा पदार्थांचे नॅनोस्फटिक तयार करून ४१० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचे रंग या एकाच कुळातून मिळवून दाखवले. रंगाची रुंदीही, म्हणजे त्यातल्या तरंगलांबींची व्याप्ती, कमी असते. हिरव्यासाठी ती २० नॅनोमीटरच्या आसपास भरते, आणि सेंद्रिय पदार्थांच्या ओएलईडीपेक्षा हा रंग अधिक गडद व शुद्ध दिसतो.

या पदार्थाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो दोष सोसतो. गॅलियम नायट्राइडमध्ये सदोष जागी ऊर्जापातळी फटीच्या मध्यावर येते आणि इलेक्ट्रॉन अडकतो, हे वर पाहिले. शिशाच्या हॅलाइडमध्ये (क्लोरीन, ब्रोमिन किंवा आयोडिनबरोबरच्या संयुगात) शिशाच्या आणि ब्रोमिनच्या इलेक्ट्रॉन-कक्षा अशा रीतीने मिसळतात की सहज निर्माण होणारे बहुतेक दोष, उदाहरणार्थ ब्रोमिनचा एखादा अणू गळणे, फटीच्या मध्यावर पातळी उभी करत नाहीत. ती पातळी पट्ट्याच्या काठाजवळ किंवा पट्ट्याच्या आतच जाते. अशा जागी इलेक्ट्रॉन फार काळ अडकून राहत नाही. म्हणूनच १,००० अंशांच्या भट्टीशिवाय, द्रावणातून, १०० अंशांच्या आत घडवलेला थरसुद्धा उत्तम प्रकाश देऊ शकतो. एरवी असा ओबडधोबड थर अर्धवाहकांच्या जगात निरुपयोगीच ठरला असता.

हे लक्षात यायला वेळ लागला. जपानच्या त्सुतोमू मियासाका यांच्या गटाने २००९ साली हा पदार्थ सौर घटात वापरला तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती, आणि त्यानंतर काही वर्षांत सगळ्या जगाचे लक्ष त्याकडे गेले. जो पदार्थ प्रकाशापासून चांगली वीज देतो तो विजेपासून चांगला प्रकाशही देऊ शकतो. २०१४ साली केंब्रिजच्या गटाने, ज्यात झी-कुआंग टॅन आणि रिचर्ड फ्रेंड होते, सामान्य तापमानाला चालणारे तेजस्वी पेरोव्स्काइट एलईडी दाखवले. त्यांची कार्यक्षमता अवरक्त प्रकाशासाठी १ टक्क्याहून कमी आणि हिरव्यासाठी त्याहूनही कमी होती. इथे कार्यक्षमता म्हणजे आत सोडलेल्या दर १०० इलेक्ट्रॉनमागे दिव्याबाहेर आलेल्या प्रकाशकणांची संख्या. चारच वर्षांनी, २०१८ मध्ये, ती २० टक्क्यांच्या पुढे गेली. २० टक्के ऐकायला कमी वाटते, पण तयार झालेल्या प्रकाशाचा मोठा भाग सपाट थरांच्या आतच परावर्तित होऊन अडकतो, हे लक्षात घेता आतला पदार्थ फार कमी इलेक्ट्रॉन वाया घालवतो असा त्याचा अर्थ होतो. २०२२ मध्ये दक्षिण कोरियातील सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या ते-वू ली यांच्या गटाने हिरव्या दिव्यासाठी २८.९ टक्के गाठले.

दिवा प्रत्यक्ष घडवण्याची रीत अशी. काचेवर इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक विद्युतवाहक थर असतो. त्यावर होल पोचवणारा थर, त्यावर पेरोव्स्काइट, त्यावर इलेक्ट्रॉन पोचवणारा थर आणि शेवटी निर्वातात वाफ करून बसवलेला धातूचा थर. पेरोव्स्काइटसाठी सीझियम ब्रोमाइड व लेड ब्रोमाइड एखाद्या ध्रुवीय द्रावकात विरघळवतात, थेंब काचेवर टाकून ती मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी फिरवतात, म्हणजे द्रावण पसरून पातळ थर होतो. फिरतानाच दुसऱ्या एका द्रावकाचा थेंब टाकला की स्फटिक एकदम आणि बारीक जमतात. मग ७० ते १०० अंशांवर थोडा वेळ तापवले की थर तयार. हे फिरवण्याचे यंत्र आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांना अपरिचित नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांच्या संशोधनाची जुनी परंपरा आहे आणि सांगली-साताऱ्यातून तिथे भौतिकशास्त्र शिकायला गेलेली अनेक मुले-मुली असेच थर घडवण्याच्या कामात हात बसवून घेतात. फरक हवेचा पडतो. श्रावणातल्या कृष्णाकाठच्या दमट हवेत उघड्यावर असा थर केला तर बाष्प त्यात शिरून स्फटिक बिघडतात. म्हणून काम बंद पेटीत, नायट्रोजनमध्ये, रबरी हातमोज्यांतून करतात, आणि पेटीतले पाणी व ऑक्सिजन दशलक्षात एखाद्या भागापुरते ठेवतात.

इथपर्यंत एक मोठा दिवा झाला. आता त्याचे लाखो लहान दिवे करायचे, आणि खरी अडचण इथेच येते. सिलिकॉनच्या चिपवर नक्षी कोरण्याची प्रस्थापित पद्धत म्हणजे फोटोलिथोग्राफी: प्रकाशाने बदलणाऱ्या रसायनाचा लेप द्यायचा, त्यावर नक्षीतून अतिनील प्रकाश पाडायचा, द्रावकाने नको तो लेप धुऊन काढायचा, उघडी पडलेली जागा कोरायची आणि उरलेला लेप पुन्हा द्रावकाने काढून टाकायचा. या प्रत्येक पायरीवर पेरोव्स्काइटचा घात होतो. रासायनिक दृष्टीने तो एक लवण आहे. लेप धुण्यासाठी वापरली जाणारी जलीय द्रावणे आणि ध्रुवीय द्रावके त्याला विरघळवतात किंवा त्याची रचना मोडतात. आतून तो कितीही दोष सोसणारा असला तरी कोरताना पडलेल्या कडेवर हवा, पाणी आणि रसायने यांना शिरायला वाट मिळते, आयन निसटतात, आणि इजा कडेवरून आत पसरत जाते.

झेजियांगमधील बाओदान झाओ आणि दावेई दी यांच्या गटाने यावर केलेला उपाय तत्त्वतः साधा आहे आणि मला तो मनापासून आवडला. दिव्याचा आकार पेरोव्स्काइट कापून ठरवण्याऐवजी त्यांनी तो वीज कुठे शिरते यावरून ठरवला. रचनेत एक विद्युतरोधक थर घालायचा आणि त्यात लिथोग्राफीने बारीक खिडक्या उघडायच्या. वीज केवळ खिडकीतून जाते, म्हणून प्रकाश तेवढ्याच जागेत जन्मतो. पदार्थाची कापलेली कड मात्र त्या जागेपासून दूर राहते. खिडकीच्या भोवती पेरोव्स्काइट अखंड असल्याने तिथे तुटलेल्या बंधांची किनार मुळातच नाही. शिवाय हे थर अतिशय पातळ, दहा-वीस ते काही शे नॅनोमीटरचे असल्याने वीज आडवी पसरण्याऐवजी सरळ उभी जाते आणि ठिपका खिडकीच्या मापातच राहतो.

त्याचे फळ आकड्यांत दिसते. ६५० मायक्रॉन बाजूच्या दिव्यापासून ३.५ मायक्रॉन बाजूच्या दिव्यापर्यंत, म्हणजे बाजू जवळजवळ १८५ पट कमी करूनही, सरासरी कार्यक्षमता २० टक्क्यांच्या आसपास राहिली. आणखी लहान करत गेल्यावर ती उतरली, परंतु कमाल मूल्याच्या निम्म्यावर यायला बाजू सुमारे १८० नॅनोमीटरपर्यंत खाली न्यावी लागली. त्याच्याही खाली, ९० नॅनोमीटरला, दिवा प्रकाश देतच होता. गॅलियम नायट्राइडची घसरण १० मायक्रॉनच्या आसपास जाणवू लागते हे ध्यानात घेतले म्हणजे फरकाची कल्पना येते.

इथे एका गोष्टीबद्दल सावधपणे बोलले पाहिजे, कारण बातम्यांत १,२७,००० हा आकडा फार मिरवला गेला. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याला १,२७,००० ने भागले की दोन ठिपक्यांतले अंतर २०० नॅनोमीटर येते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५२० नॅनोमीटरच्या आसपास असते. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन ठिपके साधे भिंग वेगळे दाखवू शकत नाही. ते भिंग कितीही चांगले असले तरी निसर्गाचाच हा नियम आहे. तेव्हा इतका दाट पडदा चष्म्यात बसवून माणसाला त्याहून सुस्पष्ट चित्र दिसेल, असे समजणे चुकीचे ठरेल. ९० नॅनोमीटरच्या दिव्याचे मोल वेगळे आहे: पदार्थ आणि रचना कुठवर साथ देतात याची सीमा त्याने दाखवली. प्रत्यक्ष उपयोगाचा टप्पा १ ते ५ मायक्रॉनचा आहे, आणि तिथे कार्यक्षमता टिकली, ही चष्म्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची बातमी होती.

त्याच संशोधनात एका रंगाचा लहान पडदाही होता. त्यात प्रत्येक ठिपक्यामागे पातळ थराचा ट्रान्झिस्टर होता, म्हणजे मोबाइलच्या पडद्यात असते तशी टीएफटीची तळपट्टी, आणि त्यावर चित्रे उमटवून दाखवली. पेरोव्स्काइट थेट तळपट्टीवर द्रावणातून पसरता येतो, दिवे उचलून बसवावे लागत नाहीत. मायक्रो-एलईडीच्या खर्चाचे एक मोठे कारण यामुळे मुळातच टळते.

मग असे पडदे बाजारात का नाहीत? पहिली अडचण तीन रंगांची. हिरव्याचा थर पसरल्यावर त्याच काचेवर तांबड्याचे द्रावण ओतले तर त्याचे द्रावक आधीच्या थराला विरघळवते. त्यावर मात म्हणून इंकजेटने थेंब थेंब टाकणे, निर्वातात बारीक जाळीतून वाफ बसवणे, किंवा नॅनोस्फटिकांच्या पृष्ठभागावरचे रेणू प्रकाशाने एकमेकांत गुंफून तेवढीच जागा न विरघळणारी करणे, असे मार्ग वापरून पाहिले जातात. परंतु तीन रंग शेजारी बसले तरी प्रश्न सुटत नाही, कारण या पदार्थात ब्रोमिन आणि आयोडिनचे आयन जागचे हलतात. हिरवा आणि तांबडा थर एकमेकांना लागले तर आयनांची अदलाबदल होऊन दोन्ही रंग मध्ये कुठेतरी सरकतात. ज्या गुणामुळे थर कमी तापमानाला सहज जमतो, त्याच मऊपणाची ही दुसरी बाजू आहे.

हलणाऱ्या आयनांचा त्रास एका दिव्याच्या आतही होतो. ब्रोमिन-आयोडिन मिसळून केलेल्या पेरोव्स्काइटवर प्रकाश पडत राहिला की आयोडिनचे प्रमाण जास्त असलेले भाग वेगळे होऊ लागतात आणि रंग बदलतो, हे एरिक होक आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवले होते. वीज वाहत असतानाही तेच घडते. निळ्यासाठी ब्रोमिन-क्लोरीनचे मिश्रण लागते आणि तिथेही हा त्रास असतो, शिवाय क्लोरीनच्या बाबतीत दोष सोसण्याचा गुणही कमी पडतो. म्हणून केवळ ब्रोमिन ठेवून स्फटिकच इतके लहान किंवा इतके पातळ करायचे की फट आपोआप रुंदावेल, असा दुसरा मार्ग अवलंबतात. तरीही आज हिरवा दिवा सर्वांत पुढे आहे आणि निळा सर्वांत मागे, ही वस्तुस्थिती आहे.

दुसरी अडचण आयुष्याची. दिव्याचे तेज निम्मे होईपर्यंत लागणारा काळ हे त्याचे माप. वर उल्लेखलेल्या कोरियन दिव्याने प्रति चौरस मीटर १,००० कँडेला (कँडेला हे तेज मोजण्याचे एकक) इतक्या तेजाला ५२० तासांत निम्मे तेज गमावले. १०० कँडेलाला तोच काळ ३०,००० तासांहून अधिक असेल असा त्या संशोधकांचा अंदाज होता. आकड्यांतला हा फरक वाचकाने नीट पाहिला पाहिजे. तेज दहापट केले की आयुष्य दहापटीहून किती तरी अधिक घटते. उन्हात दिसणाऱ्या चष्म्याला मात्र हजारो, प्रसंगी लाखो कँडेला लागतात. त्यामुळे ‘३०,००० तास’ एवढेच छापून आले तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही. ते तास कोणत्या तेजाला, कोणत्या रंगाला, आणि मोजलेले की अंदाजलेले, हे कळल्याखेरीज दोन दिव्यांची तुलना करू नये.

तिसरा प्रश्न शिशाचा, आणि तो टाळून या तंत्राची स्तुती करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. सीझियम लेड ब्रोमाइडच्या वजनात जवळजवळ ३६ टक्के शिसे असते. भारताच्या ई-कचरा नियमांत आणि युरोपच्या नियमांत विद्युत उपकरणातल्या प्रत्येक एकजिनसी पदार्थात शिशाची मर्यादा साधारणपणे वजनाच्या ०.१ टक्के आहे. थर मात्र फारच पातळ असतो. १०० नॅनोमीटर जाडीचा थर धरला तर एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे १७ मायक्रोग्रॅम शिसे येते. मोबाइलएवढा १०० चौरस सेंटिमीटरचा पडदा पूर्ण झाकला तरी १.७ मिलिग्रॅम, आणि चष्म्यातल्या पाव चौरस सेंटिमीटरच्या पट्टीत अवघे ४ मायक्रोग्रॅम. एका उपकरणापुरते हे प्रमाण अल्प आहे. पण हे शिसे पाण्याने सुटे होणाऱ्या संयुगात आहे, आणि मोडीत निघालेली उपकरणे आपल्याकडे अनेकदा भंगारवाल्याकडे उघड्यावर फोडली जातात. म्हणून दिवा काचेने व हवाबंद थराने पक्का झाकणे आणि जुनी उपकरणे परत घेण्याची सोय असणे या दोन्ही गोष्टी सुरुवातीपासूनच हव्यात. शिशाऐवजी कथिल वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत. कथिल मात्र हवेत फार लवकर ऑक्सिडाइज होते आणि त्याबरोबर दोष वाढतात.

या सगळ्यामुळे पेरोव्स्काइटचा पडद्यांतला पहिला उपयोग विजेवर चालणाऱ्या सूक्ष्म दिव्याच्या रूपात होण्यापेक्षा रंग बदलणाऱ्या थराच्या रूपात होणे सोपे आहे. निळा एलईडी गॅलियम नायट्राइडचाच ठेवायचा आणि त्यावर पेरोव्स्काइटचा थर देऊन निळ्याचा हिरवा करायचा. इथे पेरोव्स्काइटमधून वीज वाहत नाही, त्यामुळे विजेने आयन ओढले जाण्याचा प्रश्न राहत नाही, आणि थर प्लास्टिकमध्ये बंद करता येतो. पण अशा पडद्यात काठाची अडचण निळ्या एलईडीबरोबर तशीच राहते. ती टाळायची असेल तर पेरोव्स्काइटलाच वीज द्यावी लागेल, आणि त्यासाठी तांबडा, हिरवा व निळा असे तिन्ही रंग एकाच तळपट्टीवर काही मायक्रॉनच्या अंतरावर बसवून, चष्म्याला लागेल त्या तेजाला ते हजारो तास चालवून दाखवणे हे संशोधकांपुढचे काम आहे.